खुब्याच्या कृत्रिम सांध्याच्या रचनांचा तुलनात्मक इतिहास : तर्क, झीज आणि नोंद

प्रस्तावना

वैद्यकशास्त्राचा इतिहास हा बहुधा शोधांचा आणि शोधकांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. यशस्वी ठरलेल्या उपचारांची कालक्रमानुसार यादी तयार होते व तीच विद्यार्थ्यांसमोर येते. फसलेल्या प्रयत्नांना या यादीत क्वचितच जागा मिळते. वस्तुतः एखादी उपचारपद्धती कशी स्थिरावली हे समजून घ्यावयाचे असेल, तर तिच्या अपयशांचा इतिहास अधिक बोलका ठरतो. खुब्याचा कृत्रिम सांधा हे याचे उत्तम उदाहरण होय.

२००७ साली 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातील एका लेखात खुबा बदलण्याच्या शस्त्रक्रियेचा 'शतकातील शस्त्रक्रिया' असा गौरव करण्यात आला. हा गौरव अनाठायी नाही. वेदनेमुळे अंथरुणाला खिळलेली व्यक्ती या शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांत चालू लागते. परंतु त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, २०१० साली, याच शस्त्रक्रियेसाठी बनविलेला एक सांधा जगभरातील बाजारातून मागे घ्यावा लागला. भारतात तो सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत वापरला गेला होता. त्यांपैकी बहुसंख्य रुग्ण कोण व कोठे आहेत, याचा ठावठिकाणा पुढे शासकीय समितीलाही लागू शकला नाही. गौरव व नामुष्की या दोन्ही गोष्टी एकाच शस्त्रक्रियेच्या वाट्याला कशा आल्या, हा प्रस्तुत शोधनिबंधाचा विषय आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून खुब्याच्या कृत्रिम सांध्याच्या प्रमुख रचनांचा आढावा घेणे. (२) या रचनांची द्रव्य, बसविण्याची पद्धत व गोळ्याचा आकार या तीन अंगांनी तुलना करणे. (३) रचनेच्या गुणदोषांचा निवाडा प्रत्यक्षात कशाच्या आधारे झाला, याचा शोध घेणे. (४) भारतातील, विशेषतः महाराष्ट्राशी संबंधित अनुभवाचा या संदर्भात विचार करणे.

यासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. प्रस्तुत लेखक इतिहासाचा अध्यापक आहे, वैद्यकाचा नव्हे. त्यामुळे कोणत्या रुग्णास कोणता सांधा योग्य, याविषयी येथे मतप्रदर्शन केलेले नाही. एखाद्या वस्तूविषयीचे 'ज्ञान' कसे घडते, हा मात्र इतिहासाच्या कक्षेतील प्रश्न आहे आणि येथे तेवढ्याचाच विचार केला आहे.

समस्येचे स्वरूप

खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा होय. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा गोळा कटीच्या हाडातील खोलगट वाटीत फिरतो. दोहोंवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. हे आवरण संधिवाताने, क्षयाने, अपघाताने किंवा रक्तपुरवठा बंद पडून नष्ट झाले की हाडावर हाड घासू लागते. कृत्रिम सांध्यात मांडीच्या हाडाच्या पोकळीत एक दांडा बसविला जातो, त्याच्या टोकावर गोळा असतो, आणि कटीच्या हाडात कृत्रिम वाटी बसविली जाते.

ही वस्तू वरवर पाहता साधी वाटते. तथापि प्रत्येक रचनाकारास तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागली. पहिला प्रश्न, एकमेकांवर घासणारे पृष्ठभाग कोणत्या द्रव्याचे असावेत? दुसरा, कृत्रिम भाग जिवंत हाडात पक्का कसा बसवावा? तिसरा, गोळा लहान असावा की मोठा? हे प्रश्न परस्परांत गुंतलेले आहेत. गोळा मोठा केला तर तो वाटीतून सहजासहजी निखळत नाही, परंतु प्रत्येक पावलागणिक त्याचा पृष्ठभाग अधिक अंतर घासला जातो आणि वाटीवर येणारा पीळही वाढतो. गोळा लहान केला तर घर्षण कमी होते, पण निखळण्याचा धोका वाढतो. एका प्रश्नाचे उत्तर सुधारावे तर दुसरे बिघडावे, अशी ही अवस्था आहे. पुढील सव्वाशे वर्षांचा इतिहास म्हणजे या तीन उत्तरांची वेगवेगळी जुळणी होय.

प्रारंभीचे प्रयत्न (१८९० ते १९५०)

बर्लिन येथील शल्यविशारद थेमिस्टोक्लीस ग्लुक यांनी १८९० च्या सुमारास हस्तिदंताचे कृत्रिम सांधे बसविण्याचे प्रयोग केले. ते बसविण्यासाठी सिमेंटसदृश मिश्रण वापरण्याची कल्पनाही त्यांचीच. परंतु त्यांचे रुग्ण प्रामुख्याने सांध्याच्या क्षयाचे होते. मूळचा जंतुसंसर्ग कायम राहिल्यामुळे हे प्रयोग टिकले नाहीत. कल्पना योग्य असली तरी तिला आधार देणारी परिस्थिती अद्याप निर्माण झाली नव्हती.

बॉस्टन येथील मारिअस स्मिथ-पीटरसन यांनी १९२३ मध्ये निराळा मार्ग स्वीकारला. सांधा बदलण्याऐवजी खराब झालेल्या गोळ्यावर काचेची टोपी चढवावी आणि तिच्याखाली निसर्गाने नवे गुळगुळीत आवरण तयार करावे, अशी त्यांची कल्पना होती. काच शरीराच्या भारापुढे फुटली. अन्य द्रव्यांचे प्रयोग झाल्यावर १९३८ मध्ये व्हायटॅलियम या कोबाल्ट व क्रोमियमच्या मिश्रधातूपर्यंत ते पोहोचले. हा मिश्रधातू शरीरात गंजत नाही, हे दंतवैद्यकातून आधीच माहीत झाले होते.

त्याच वर्षी लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात फिलिप वाइल्स यांनी सहा रुग्णांत पोलादाचा गोळा व पोलादाची वाटी असे दोन्ही भाग बसविले. संपूर्ण सांधा बदलण्याचा हा आरंभीचा प्रयत्न मानला जातो. हे भाग हाडाला स्क्रू व बोल्टने जोडले होते. नंतरच्या महायुद्धाच्या धामधुमीत या रुग्णांच्या नोंदी नष्ट झाल्या. त्यामुळे या सांध्यांचे पुढे काय झाले याची शिस्तशीर माहिती वैद्यकविश्वाला मिळू शकली नाही. प्रयोग होऊनही त्यापासून पुरेसा धडा घेता आला नाही, ही गोष्ट येथे लक्षात ठेवणे आवश्यक आहे. नोंद हरवली की प्रयोगही हरवतो, याचा हा पहिला ठळक दाखला होय.

१९४० मध्ये अमेरिकेत ऑस्टिन मूर व हॅरोल्ड बोलमन यांनी मांडीच्या हाडाचे वरचे टोक काढून तेथे धातूचा भाग बसविला. मूर यांच्या नावाचा दांडा पुढे भारतातही, विशेषतः वृद्धांच्या हाडमोडीसाठी, दीर्घकाळ वापरात राहिला. १९४६ मध्ये पॅरिस येथील ज्युदे बंधूंनी अ‍ॅक्रिलिक या प्लास्टिकचा गोळा वापरला. आरंभीचे निकाल इतके उत्साहवर्धक होते की ही पद्धत युरोपभर पसरली. काही वर्षांतच हे गोळे झिजू व तुटू लागले. आरंभीचा उत्साह व नंतरचा भ्रमनिरास हा क्रम यापुढे वारंवार दिसून येतो.

चार्नली आणि टेफ्लॉनचा धडा

आधुनिक खुबारोपणाचे श्रेय सर्वसाधारणपणे इंग्लंडमधील जॉन चार्नली (१९११-१९८२) यांना दिले जाते. लँकेशायरमधील रायटिंग्टन येथील पूर्वीच्या क्षयरोग रुग्णालयात त्यांनी आपले केंद्र उभारले. ज्युदे पद्धतीचा सांधा बसविलेल्या एका रुग्णाच्या खुब्यातून कुरकुर असा आवाज येई व त्याने त्याची पत्नी त्रासून जाई, ही हकीकत चार्नली यांच्या विचाराचा आरंभबिंदू म्हणून सांगितली जाते. आवाज येतो याचा अर्थ घर्षण अधिक आहे, असे अनुमान त्यांनी काढले. नैसर्गिक सांध्यासारखे वंगण कृत्रिम सांध्यात मिळणे शक्य नाही. तेव्हा मुळातच कमी घर्षणाचे द्रव्य शोधले पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

असे द्रव्य म्हणजे टेफ्लॉन. १९५८ पासून त्यांनी टेफ्लॉनच्या वाटीचा वापर सुरू केला. याबरोबरच त्यांनी आणखी दोन निर्णय घेतले. मँचेस्टर येथील डेनिस स्मिथ यांच्या सल्ल्याने दंतवैद्यकातील अ‍ॅक्रिलिक सिमेंट वापरून त्यांनी दांडा हाडात पक्का केला. हे सिमेंट डिंकाप्रमाणे चिकटत नाही, तर दांडा व हाड यांमधील सर्व पोकळी भरून भार सर्वत्र वाटून देते. दुसरे म्हणजे, घर्षणाने वाटीवर पडणारा पीळ कमी करण्यासाठी त्यांनी गोळ्याचा व्यास टप्प्याटप्प्याने कमी करीत २२.२२५ मिलिमीटर, म्हणजे एक इंचाच्या सात अष्टमांशापर्यंत आणला. १९६१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी या नव्या शस्त्रक्रियेची माहिती प्रसिद्ध केली.

तर्क निर्दोष होता, परंतु द्रव्य चुकले होते. टेफ्लॉनचे घर्षण कमी असले तरी त्याची झीज फार वेगाने होत होती. दोन-तीन वर्षांत गोळा वाटीत खोलवर रुतू लागला. सुट्या झालेल्या कणांभोवती शरीराने गाठी निर्माण केल्या व हाड पोखरले गेले. सुमारे ३०० रुग्णांवर ही शस्त्रक्रिया झालेली होती. चार्नली यांनी या कणांचा परिणाम तपासण्यासाठी टेफ्लॉनचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेतले. ज्यांच्यावर आपण शस्त्रक्रिया केली त्या रुग्णांना त्यांनी सोडून दिले नाही. त्यांचे निकामी सांधे काढण्याच्या शस्त्रक्रिया त्यांनी स्वतः केल्या.

यातून मार्ग निघाला तो एका योगायोगाने. १९६२ च्या मे महिन्यात एक विक्रेता उच्च रेणुभाराच्या पॉलिथिलीनचा नमुना घेऊन रायटिंग्टनच्या कार्यशाळेत आला. चार्नली यांनी हे द्रव्य निरुपयोगी ठरविले. परंतु त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी चार्नली परगावी गेले असता त्याची यंत्रावर झीज-चाचणी घेतली. टेफ्लॉनच्या तुलनेत झीज नगण्य होती. नोव्हेंबर १९६२ पासून पॉलिथिलीनच्या वाटीचा वापर सुरू झाला. धातूचा लहान गोळा, पॉलिथिलीनची वाटी व अ‍ॅक्रिलिक सिमेंट ही जुळणी पुढील सर्व रचनांच्या तुलनेचा मानदंड ठरली.

येथे अधिक महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. टेफ्लॉनच्या अनुभवाने पोळलेल्या चार्नली यांनी नवा सांधा लगेच बाजारात येऊ दिला नाही. लीड्स येथील थॅकरे या उत्पादकाकडून तो विकत घेण्याची मुभा कित्येक वर्षे केवळ रायटिंग्टन येथे प्रशिक्षण घेतलेल्या शल्यविशारदांनाच होती. रुग्णांनी नियमित तपासणीसाठी यावे, एवढेच नव्हे तर मृत्यूनंतर सांधा तपासणीसाठी काढून घेण्यास संमती द्यावी, अशी व्यवस्था त्यांनी केली. चार्नली यांच्या सांध्याचे वेगळेपण केवळ त्याच्या रचनेत नव्हते. त्या रचनेच्या मागे हिशेब ठेवण्याची एक शिस्त होती.

धातूवर धातू : मकी-फरार व रिंग

चार्नली यांचे समकालीन व प्रतिस्पर्धी म्हणजे नॉर्विच येथील केनेथ मकी. मकी यांचा विचार वेगळा होता. प्लास्टिक झिजणारच, तेव्हा गोळा व वाटी दोन्ही कोबाल्ट-क्रोमियमच्या असाव्यात. १९५० च्या दशकातील प्रयोगांनंतर त्यांनी सिमेंटचा स्वीकार केला आणि जॉन वॉटसन-फरार यांच्यासह १९६० च्या दशकात मकी-फरार सांधा प्रचारात आणला. पीटर रिंग यांनी १९६४ मध्ये धातूवर धातूचाच, पण सिमेंटविरहित सांधा तयार केला. त्याची वाटी लांब स्क्रूने कटीच्या हाडात रोवली जात असे.

दोन्ही बाजूंचा तर्क कागदावर सारखाच भक्कम दिसतो. चार्नली यांनी घर्षणाला शत्रू मानले, मकी यांनी झिजेला. प्रत्यक्षात मोठ्या धातूच्या गोळ्याचा वाटीच्या काठाशी घट्ट स्पर्श झाला की घर्षण वाढे, वाटीवर पीळ पडे आणि ती सैल होई. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चार्नली यांची जुळणी सरस ठरली व धातूवर धातूची रचना मागे पडली.

तथापि ही कथा येथे संपली नाही. काही मकी-फरार सांधे वीस-वीस वर्षे उत्तम चालले होते. १९८० च्या दशकात अभ्यासकांनी ते तपासले तेव्हा त्यांत झीज अत्यल्प आढळली. यावरून धातूवर धातू ही कल्पना मुळात चुकीची नव्हती, केवळ घडणीची अचूकता कमी पडली, असा निष्कर्ष काढण्यात आला. १९८८ पासून स्वित्झर्लंडमध्ये सुधारित घडणीचे असे सांधे बसविण्यास प्रारंभ झाला. इतिहासाच्या अभ्यासकास या अनुमानातील धोका लगेच जाणवेल. आज उभ्या असलेल्या जुन्या वाड्यांवरून जुन्या काळातील सर्वच घरे मजबूत होती असे म्हणण्यासारखेच हे होते. टिकलेले सांधे तपासले गेले, न टिकलेले केव्हाच काढून टाकलेले होते.

चकाकीचा प्रश्न : एक्सेटर दांडा

किरकोळ वाटणारा बदल किती दूरगामी ठरू शकतो, हे एक्सेटर येथील अनुभवावरून स्पष्ट होते. शल्यविशारद रॉबिन लिंग व अभियंता क्लाइव्ह ली यांनी तयार केलेला दांडा १९७० पासून वापरात आला. खाली निमुळता होत जाणारा हा दांडा आरशासारखा चकचकीत होता. १९७६ मध्ये त्याचा पृष्ठभाग खरखरीत करण्यात आला. खरखरीत पृष्ठभाग सिमेंटला अधिक घट्ट धरून राहील, हा विचार सामान्य बुद्धीला पटणारा होता. निदान या बदलाने काही बिघडेल असे कोणासही वाटले नाही.

काही वर्षांनी खरखरीत दांडे अधिक प्रमाणात सैल होत असल्याचे लक्षात आले. जुने चकचकीत दांडे मात्र स्थिर होते. कारणमीमांसा नंतर झाली. चकचकीत दांडा सिमेंटमध्ये किंचित खाली सरकतो आणि लाकडात ठोकलेल्या पाचरीप्रमाणे भार पडेल तसा अधिकाधिक घट्ट बसतो. खरखरीत दांडा सरकू शकत नाही. तो सूक्ष्म हालचालीने कानशीसारखा सिमेंट घासतो. १९८६ मध्ये एक्सेटर गटाने पुन्हा चकचकीत पृष्ठभाग स्वीकारला आणि तो दांडा आजही वापरात आहे.

या प्रसंगाचे महत्त्व दुहेरी आहे. रचनाकारांना आपली रचना यशस्वी का होते हे आरंभी स्वतःलाच पुरते ठाऊक नव्हते. ती बिघडविल्यानंतरच ते कळले. आणि ते कळू शकले ते एकाच रुग्णालयात दोन्ही प्रकारच्या दांड्यांच्या नोंदी जपून ठेवल्या होत्या म्हणून.

'सिमेंटचा रोग' आणि सिमेंटविरहित सांधे

१९७० व १९८० च्या दशकांत अनेक रुग्णांत सांध्याभोवतीचे हाड विरघळल्यासारखे नाहीसे होत असल्याचे आढळू लागले. दोष सिमेंटवर ठेवण्यात आला आणि १९८७ मध्ये 'सिमेंटचा रोग' ही संज्ञाही रूढ झाली. याला उत्तर म्हणून सिमेंटविरहित सांध्यांचा पुरस्कार झाला. सच्छिद्र पृष्ठभागाच्या दांड्यात हाड स्वतःच वाढून त्याला धरून ठेवील, ही त्यामागील कल्पना होती. लंडन येथील रोनाल्ड फर्लाँग यांनी १९८५ मध्ये हाडातील खनिजाशी साम्य असलेल्या हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइटचा थर दिलेला सांधा वापरला.

परंतु सिमेंट नसलेल्या सांध्यांभोवतीही हाड नाहीसे होत असल्याचे दिसून आले. मुख्य दोष पॉलिथिलीनच्या सूक्ष्म कणांचा होता. कणांना प्रतिकार करणाऱ्या पेशी हाडाचेच नुकसान घडवून आणतात, ही प्रक्रिया जर्मन अभ्यासक हान्स-गेऑर्ग विलर्ट यांनी १९७० च्या दशकातच मांडली होती. म्हणजे रोगाचे नाव चुकले होते. तथापि चुकीच्या निदानातून निर्माण झालेले सिमेंटविरहित सांधे आज जगातील अनेक देशांत मोठ्या प्रमाणावर वापरले जातात व त्यांचे निकालही चांगले आहेत. पॉलिथिलीनच्या प्रश्नावरील उत्तर शतकाच्या अखेरीस मिळाले. किरणोत्साराच्या साहाय्याने रेणूंच्या साखळ्या परस्परांत गुंफलेले पॉलिथिलीन १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात वापरात आले व त्याची झीज बरीच कमी असल्याचे पुढील काळातील नोंदींनी दाखवून दिले.

नोंदवहीचा उदय

वरील सर्व तुलना एकेका रुग्णालयाच्या अनुभवावर आधारलेल्या होत्या. नामांकित शल्यविशारदाच्या हाती यशस्वी ठरलेला सांधा सामान्य रुग्णालयातही तसाच ठरेल, याची खात्री नव्हती. १९७९ मध्ये स्वीडनने खुब्याच्या सांध्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. १९८७ मध्ये नॉर्वेने व १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियाने याचे अनुकरण केले. कोणता सांधा कोणत्या रुग्णालयात बसविला आणि तो केव्हा काढावा लागला, एवढाच या नोंदवहीचा मूळ प्रश्न होता. एवढ्या साध्या प्रश्नाने मोठे काम केले. बोनलॉक नावाचे नवे सिमेंट बाजारात आल्यावर अवघ्या काही वर्षांत, १९९५ मध्ये, नॉर्वेच्या नोंदवहीने त्यातील दोष उघड केला.

नोंदवही नसली तर काय होते, हे इंग्लंडने त्याच सुमारास अनुभवले. चार्नली यांच्या सांध्याशी मिळतीजुळती परंतु स्वस्त असलेली 'कॅपिटल हिप' ही रचना १९९१ मध्ये तेथे विक्रीस आली. १९९७ मध्ये ती थांबविण्यात आली तोवर सुमारे ४,७०० रुग्णांत ती बसविली गेली होती. दिसायला सारख्या असलेल्या या सांध्याचे काही प्रकार अपेक्षेपेक्षा खूप लवकर सैल झाले. १९९८ मध्ये धोक्याची सूचना निघाली तेव्हा हे रुग्ण शोधून काढणे हेच मोठे काम होऊन बसले. यातून घेतलेला धडा म्हणून इंग्लंड व वेल्समध्ये २००३ पासून राष्ट्रीय सांधे नोंदवहीत नोंदी घेण्यास सुरुवात झाली. दरम्यान, २००० साली तेथील नाइस या संस्थेने निकष ठरवून दिला : दहा वर्षांत बदलावे लागणाऱ्या सांध्यांचे प्रमाण दहा टक्के किंवा त्याहून कमी असावे. २०१४ मध्ये तो पाच टक्के असा अधिक कडक करण्यात आला. 'कोणती रचना चांगली' या प्रश्नाला प्रथमच मोजता येईल असे रूप मिळाले.

मोठ्या गोळ्याचे पुनरागमन व भारतीय अनुभव

दरम्यान बर्मिंगहॅम येथील डेरेक मॅकमिन यांनी १९९१ पासून धातूवर धातूच्या तत्त्वावर, गोळा न कापता त्यावर धातूची टोपी चढविण्याची पद्धत पुनरुज्जीवित केली. तरुण व चपळ रुग्णांसाठी ती आकर्षक होती. इतर उत्पादक या क्षेत्रात उतरले. त्यांपैकी जॉन्सन अँड जॉन्सन समूहातील डीप्यू कंपनीने २००३ मध्ये 'एएसआर' हा सांधा आणला.

एएसआरची वाटी अर्धगोलापेक्षा उथळ होती. त्यामुळे हालचालीला अधिक वाव मिळेल, असा विचार होता. परंतु उथळ वाटी बसविताना किंचित तिरपी झाली तरी गोळ्याचा भार तिच्या काठावर येई. तेथील वंगणाचा पातळ थर तुटे व कोबाल्ट-क्रोमियमचे कण सांध्याभोवतीच्या स्नायूंत व रक्तात मिसळत. काही रुग्णांत सांध्याभोवती मऊ ऊतींच्या गाठी निर्माण झाल्या. ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीत हा सांधा लवकर काढावा लागत असल्याचे आधीच दिसत होते व डिसेंबर २००९ मध्ये तो तेथील बाजारातून काढून घेण्यात आला. ब्रिटिश नोंदवहीच्या आकडेवारीनुसार पाच वर्षांतच बारा ते तेरा टक्के सांधे बदलावे लागले होते. ऑगस्ट २०१० मध्ये तो जगभरातून मागे घेण्यात आला, तोवर जगभरात सुमारे ९३,००० सांधे बसविले गेले होते.

भारतात या सांध्याला अनुकूल परिस्थिती होती, हे समजून घेतले पाहिजे. पाश्चात्त्य देशांत खुबा बदलणारा रुग्ण बहुधा वृद्ध असतो. भारतात रक्तपुरवठा बंद पडून गोळा नष्ट झालेल्या तरुण रुग्णांचे प्रमाण तुलनेने अधिक आहे. शिवाय चार्नली यांचा लहान गोळा खुर्चीत बसणाऱ्या समाजासाठी घडविलेला होता. पाटावर मांडी घालून जेवणे, उकिडवे बसणे, पूजेला बसणे या आपल्याकडील नित्याच्या गोष्टी अशा रुग्णास वर्ज्य ठरतात. सहजासहजी न निखळणारा मोठा गोळा येथे अधिक मोलाचा वाटावा, हे स्वाभाविक होते.

भारतात या सांध्याच्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या. जगभरातून सांधा मागे घेतल्यानंतर महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने या प्रकरणी पुढाकार घेऊन मुंबईत पोलिसांकडे तक्रार दाखल केली, याची नोंद येथे आवर्जून केली पाहिजे. केंद्र शासनाने फेब्रुवारी २०१७ मध्ये डॉ. अरुण अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. समितीने २०१८ मध्ये दिलेल्या अहवालात किमान २० लाख रुपये भरपाईची शिफारस केली. पुढे नोव्हेंबर २०१८ मध्ये सुमारे ३० लाख ते १ कोटी २३ लाख रुपयांपर्यंतच्या भरपाईचे सूत्र जाहीर झाले व हा प्रश्न न्यायालयांपर्यंत गेला.

परंतु या सर्व रकमांपेक्षा अधिक विचार करावयास लावणारा आकडा दुसरा आहे. सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांपैकी जेमतेम हजारभर रुग्णांचाच शोध लागला. उरलेल्या सुमारे ३,६०० जणांपर्यंत पोहोचता आले नाही. सांधा शरीरात आहे, तो सदोष असू शकतो, रक्ताची तपासणी करून घेतली पाहिजे, हे त्यांना सांगण्याचा मार्गच उरला नव्हता. ऑस्ट्रेलियात व भारतात वापरलेला सांधा एकच होता, त्याची वाटीही तितकीच उथळ होती. फरक होता तो नोंदवहीचा. मिडलसेक्स रुग्णालयातील सहा रुग्णांच्या नोंदी महायुद्धाने नष्ट केल्या. येथे कोणतेही युद्ध झालेले नव्हते.

यानंतर काही सुधारणा झाल्या, हेही नमूद केले पाहिजे. वैद्यकीय साधनांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम जुलै २०१५ मध्ये सुरू झाला होता. वैद्यकीय साधने नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून अमलात आले. अस्थिशल्यविशारदांच्या व्यावसायिक संघटनेनेही सांध्यांची नोंदवही ठेवली आहे. परंतु तिच्यातील सहभाग ऐच्छिक आहे, आणि ऐच्छिक नोंदीत नेमके तेच प्रसंग सुटण्याचा संभव असतो ज्यांची नोंद सर्वांत आवश्यक असते.

निष्कर्ष

(१) खुब्याच्या कृत्रिम सांध्याची जवळजवळ प्रत्येक रचना तर्कशुद्ध होती. टेफ्लॉनची वाटी, खरखरीत दांडा व उथळ वाटी यांमागील युक्तिवाद त्या त्या काळात पटणारे होते. तर्क हा रचनेचा आरंभ ठरला, तिच्या गुणवत्तेचा पुरावा नव्हे.

(२) द्रव्य, बसविण्याची पद्धत व गोळ्याचा आकार यांपैकी एका अंगातील सुधारणा दुसऱ्या अंगात नवी समस्या निर्माण करते. म्हणून एका गुणाच्या आधारे केलेली रचनांची तुलना दिशाभूल करणारी ठरते.

(३) लहान बदल हा निरुपद्रवी असतोच असे नाही. एक्सेटर दांड्याची चकाकी व 'कॅपिटल हिप'चे वरवरचे साम्य ही याची उदाहरणे होत.

(४) केवळ टिकलेल्या वस्तूंवरून काढलेले अनुमान धोकादायक असते. धातूवर धातूच्या रचनेचे पुनरुज्जीवन अंशतः अशा अनुमानावर उभे होते.

(५) रचनांचा खरा निवाडा दीर्घकालीन नोंदीत झाला. चार्नली यांची वैयक्तिक शिस्त, एक्सेटर येथील रुग्णालयीन नोंदी आणि स्वीडनची राष्ट्रीय नोंदवही हे या प्रक्रियेचे तीन टप्पे होत.

(६) भारतात प्रत्येक कृत्रिम सांध्याची सक्तीची राष्ट्रीय नोंद होणे आवश्यक आहे. बखरी, रोजनिशा व दप्तरे जपण्याचे महत्त्व इतिहासाच्या अभ्यासकांना वेगळे सांगण्याची गरज नाही. येथे जे दप्तर जपावयाचे आहे ते जिवंत माणसांचे आहे. सुमारे ३,६०० माणसांच्या शरीरात एक वस्तू बसविली गेली आणि ती कोणाच्या शरीरात आहे याचा कागद मात्र कोणाजवळही सापडला नाही. ही उणीव यापुढील कोणतीही सरस रचना भरून काढू शकणार नाही. ती नोंदीनेच भरून निघेल.